कबाडी नेत नाही अशा वस्तूंचा संकलन-दिवस: आधी शेवटचे ठिकाण ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. नागपूर महापालिकेच्या लक्ष्मीनगर झोनमधील तुमची फ्लॅट स्कीम आणि शेजारचे ले-आउट मिळून साधारण दीडशे घरे आहेत. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी अशा वस्तू निघतात, ज्या कबाडी उचलत नाही आणि कचरागाडीत टाकायला मन धजत नाही: जळालेल्या ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, एक्स-रेच्या फिल्म, बॅटऱ्या, जुने चष्मे, कूलरचे सुटे भाग, देवांच्या तसबिरी. या सगळ्यांसाठी एक दिवस संकलन ठेवावे असे तुम्हाला वाटते, आणि काय घ्यावे, काय नाकारावे व कोणाला द्यावे हे तुम्ही विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही असेही लिहिले आहे की, मागच्या वर्षी जवळच्याच एका वसाहतीत असा कार्यक्रम झाला आणि गोळा झालेले सामान महिनाभर पार्किंगमध्ये पडून राहिले. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे.

वस्तू गोळा करणे अवघड नाही. नागपुरात तान्ह्या पोळ्याला आपण ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत मारबतीच्या पुतळ्याबरोबर सगळी इडापिडा शहराबाहेर घालवतो, तशाच भावनेने लोक संकलनाच्या दिवशी पिशव्या घेऊन येतात; वस्तू घरातून गेली की विषय संपला, असे त्यांना मनापासून वाटते. पण ट्यूबलाइटमधला पारा किंवा बॅटरीतले धातू तुमच्या फाटकाबाहेर पडले तरी शहरातच राहतात, आणि पुढची व्यवस्था नसेल तर बहुधा भांडेवाडीच्या कचरा डेपोतल्या ढिगात पोहोचतात. म्हणून मी हे काम नेहमी शेवटच्या टोकाकडून आखतो. वस्तू शेवटी कोण घेणार, कोणत्या स्थितीत घेणार, किमान किती घेणार आणि नेणार कोण, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की मगच ती वस्तू सूचनाफलकावर लिहायची. उत्तर मिळाले नाही तर ती वस्तू कितीही महत्त्वाची वाटली तरी त्या वर्षी घ्यायची नाही. यादी लहान राहिली तरी चालेल, पण त्या यादीतली एकही वस्तू संध्याकाळनंतर तुमच्या पार्किंगमध्ये उरता कामा नये.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुमच्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. तुमच्याकडे कुलूप लावता येईल अशी, ऊन-पाऊस न लागणारी खोली आहे का, यावर तुम्ही काच आणि बॅटऱ्या घ्याव्यात की नाही हे ठरते. झोन कार्यालयातील स्वच्छता विभागाचे अधिकारी किती सहकार्य करतात, हे शहराच्या दहाही झोनमध्ये सारखे नसते. आणि घेणाऱ्याची किमान वजनाची अट असेल, तर दीडशे घरांचा माल पुरतो की आणखी दोन वसाहती सोबत घ्याव्या लागतात, हे त्या घेणाऱ्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात झोन कार्यालयाला लेखी पत्र देऊन करा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओल्या आणि सुक्या कचऱ्याबरोबर ‘घरगुती घातक कचरा’ हा तिसरा प्रकार वेगळा सांगितला. रंगांचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल बल्ब, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या आणि सुया यांचा त्यात समावेश होता. अशा कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरमागे एक जमा केंद्र उभारण्याची जबाबदारीही त्या नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकली. म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही. पत्रात एवढेच विचारा की, आमच्याकडे अमुक तारखेला अंदाजे इतका घरगुती घातक कचरा वेगळा केलेला असेल, तो कोणत्या वाहनाने आणि कोणत्या ठिकाणी नेला जाईल. बुटीबोरीला घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामायिक केंद्र आहे, हे अनेकांना माहीत असते आणि ‘टेम्पो करून तिकडे नेऊ’ अशी सूचना बैठकीत हमखास येते. अशा केंद्रांत माल सदस्यत्व आणि कागदपत्रांसह जातो. वस्तीने परस्पर पिशव्या नेऊन टाकण्याची ती जागा नव्हे.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा मार्ग त्यामानाने सरळ आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. जो घेणारा पुढे येईल त्याचा नोंदणी क्रमांक मागा, तो पोर्टलवर तपासा आणि वजनाची पावती मिळेल का हे आधीच विचारून घ्या. या चौकशीत मी कधीही सूट देत नाही. नोंदणी नसलेल्या ठिकाणी तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, सर्किट बोर्डातले सोने काढायला आम्ल वापरले जाते, आणि हे काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात तो धूर जातो. आपण चांगल्या हेतूने दिलेली वस्तू कोणाच्या तरी अंगणात विष बनू नये, एवढी खबरदारी देणाऱ्याची आहे. मोबाइल, लॅपटॉप आणि हार्ड डिस्क देण्याआधी घरच्यांनी माहिती पुसून सिमकार्ड काढून घ्यावे, हे सूचनेत ठळक लिहा. गेटवर ते तपासायला वेळ मिळत नाही.

आता वस्तूंकडे येतो. पाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या एकाच बाबतीत स्वयंसेवकांना प्रत्यक्ष धोका असतो. एका ट्यूबलाइटमध्ये किंवा सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये तो साधारण अर्धा ते एक ग्रॅम असतो, म्हणजे शंभरपट किंवा त्याहून जास्त. लोक मात्र लांबलचक ट्यूबलाइटला घाबरतात आणि थर्मामीटर खिशातून काढून हातावर ठेवतात. थर्मामीटर मूळ प्लास्टिकच्या नळीत किंवा घट्ट झाकणाच्या बाटलीत कापूस घालूनच घ्यावा. ट्यूबलाइट तिच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवी आणि एकावर एक जड थर न लावता ठेवावी; उभी टेकवलेली ट्यूब वाऱ्याच्या एका झोताने पडते. एखादी फुटलीच तर सगळ्यांना बाजूला करून पंखे बंद करावेत, खोली असल्यास दारे-खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्याने पाऱ्याची वाफ आणि पावडर पसरते. जाड कागदाने तुकडे गोळा करावेत, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. थर्मामीटर फुटला तर सांडलेल्या पाऱ्याला हात लावण्याआधी अंगठ्या-बांगड्या काढायला सांगा, कारण पारा सोन्याला चिकटतो आणि दागिना खराब होतो. या टेबलावर लहान मुलांना मदतीला बसवू नका. चकाकते गोळे पाहून खेळण्याचा मोह त्यांना आवरत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एलईडी बल्बमध्ये पारा नसतो. तो ई-कचऱ्याच्या डब्यात जाऊ द्या.

बॅटऱ्यांचे तीन वेगळे डबे करा. घड्याळाच्या आणि रिमोटच्या पेन्सिल सेलना फारशी किंमत नसल्याने घेणारा नाखूष असतो, पण २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आल्या आहेत, तेव्हा नोंदणीकृत घेणाऱ्याकडे त्यांचाही आग्रह धरता येतो. नाण्यासारख्या चपट्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते, म्हणून तो डबा उंचावर आणि झाकून ठेवा. मोबाइल, लॅपटॉप आणि पॉवर बँकेच्या लिथियम बॅटऱ्या हा तिसरा डबा. यांच्या टोकांनाही चिकटपट्टी लागते, आणि फुगलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या बादलीत, बाकी सगळ्यांपासून दूर ठेवावी लागते. नागपूरच्या ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली लिथियमचा डबा दुपारभर ठेवणे मला मान्य नाही. सावलीची जागा नसेल तर हा डबा यादीतून काढा. इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी मात्र संकलनात घेऊच नका. नवीन घेताना विक्रेता जुनीचे पैसे वळते करून देतो आणि तो मार्ग उत्तम चालतो. आम्ल ओतून बॅटरी ‘हलकी’ करून देण्याची काही घरांत सवय असते, ती थांबवायला सांगा.

औषधांबाबत सर्वांत जास्त चुकीची सदिच्छा पाहायला मिळते. अर्धवट वापरलेल्या स्ट्रिप ‘गरजूंना देऊ’ म्हणून लोक घेऊन येतात. कोणते औषध कुठल्या तापमानात किती महिने पडून होते हे कोणालाच माहीत नसते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या फडताळात राहिलेल्या औषधाचा भरवसा देता येत नाही. न उघडलेल्या, मुदत बाकी असलेल्या औषधांचा निर्णय डॉक्टर किंवा फार्मासिस्टने घ्यावा, स्वयंसेवकाने नव्हे. मुदत संपलेली औषधे उच्च तापमानाच्या भट्टीत जाळली जावीत, हा योग्य शेवट आहे. ती व्यवस्था झोन कार्यालयामार्फत लेखी मिळाली तरच हे टेबल मांडा. मिळाली नाही तर तुमच्या सूचनेत एवढेच लिहा की, औषधे संडासात किंवा मोरीत टाकू नका; ती वेगळ्या पिशवीत, घरगुती घातक कचरा असे लिहून द्या. सरसकट सगळी औषधे पाण्यात सोडली तर ती नाग नदीतून कन्हान आणि वैनगंगेत, म्हणजे गोसेखुर्दच्या जलाशयाच्या दिशेने जातात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे औषधांचे सगळे अंश काढू शकत नाहीत, आणि प्रतिजैविकांचे अंश पाण्यात राहिले की त्यांना दाद न देणारे जंतू वाढायला वाव मिळतो. इन्सुलिनच्या सुया कधीही पिशवीत घेऊ नका. जाड प्लास्टिकची, झाकणाची बाटली असेल तरच घ्या, आणि ती बाटली कोणीही पुन्हा उघडू नये.

एक्स-रेच्या फिल्म लोकांना निरुपयोगी वाटतात, पण त्यांना भाव असतो. फिल्मवरच्या थरात चांदी असते आणि खालचा पत्रा पॉलिएस्टरचा असतो. दोन्ही परत मिळवता येतात. इथे दोन गोष्टी पाळा. ज्यांचे उपचार चालू आहेत किंवा हाडाचे जुने दुखणे आहे, त्यांनी फिल्म देऊ नये, डॉक्टर तुलनेसाठी मागतात. आणि नाव-वय असलेला कोपरा कापून घ्यावा, कारण तो माणसाच्या आजाराचा कागद आहे. घेणारा चांदी कशी काढतो हेही विचारा. धुण्याचे पाणी थेट नालीत सोडणाऱ्याला माल देऊ नये.

देवांच्या तसबिरी आणि मूर्ती हा विषय तुम्ही यादीत शेवटी लिहिला आहे, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घरे याच कारणाने येतात. वडीलधारी माणसे गेल्यावर जुन्या घरातल्या तसबिरींचे काय करावे, हे अनेकांना उमगत नाही. मग त्या पिंपळाच्या पारावर किंवा फुटाळा तलावाच्या काठावर ठेवल्या जातात. तिथे काच फुटते, पावसाने चित्र भिजते आणि ठेवणाऱ्यालाही आतून बरे वाटत नाही. यासाठी वेगळे टेबल, स्वच्छ कापड आणि शांत स्वभावाचे एखादे काका किंवा काकू हवेत. घरच्यांनी आपापल्या पद्धतीने नमस्कार, उत्तरपूजा जे करायचे ते करून आणावे. पुढे काय होणार हे लपवू नका: काच वेगळी होईल, लाकडी चौकट पुन्हा वापरली जाईल, कागदाचे चित्र पाण्यात भिजवून त्याचा लगदा केला जाईल, आणि हे ज्यांना पटत नाही त्यांनी तसबीर परत नेली तरी चालेल. हे एका कागदावर लिहून टेबलाशी लावले की वाद होत नाहीत. चौकटी सुट्या करण्याचे काम मात्र सर्वांसमोर करू नका; ते नंतर, आडबाजूला आणि जपून करा. लाकडावर चिकटवून लॅमिनेट केलेल्या चित्रांचा लगदा होत नाही, त्यामुळे ती घ्यायची असतील तर त्यांचा पुढचा मार्ग आधी शोधा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लहान मूर्तींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची पद्धत दिली आहे. ती चांगली आहे, पण तिला मोठी टाकी आणि काही दिवस लागतात, म्हणून ती संकलनाच्या दिवसाशी जोडू नये.

कूलर तर नागपूरच्या प्रत्येक गच्चीवर असतो. मोटर आणि पंपात तांब्याची तार असल्याने ते कबाडी आनंदाने घेतो, पत्र्याची बॉडीही घेतो. तेव्हा ते संकलनात आणूच नका. अडचण ताट्यांची, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या पॅडची आहे. लाकडी भुशाच्या जुन्या ताट्यांवर आपल्या जड पाण्याचे क्षार बसलेले असतात, त्यामुळे त्या खतात घालण्यापेक्षा वाळवून नाजूक सामान बांधायला वापराव्यात. मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसणारे तपकिरी पॅड कागदाचे असले तरी त्यांवर राळेचा लेप असतो, त्यामुळे कागदाच्या गिरणीला ते चालत नाहीत, आणि फायबरच्या बॉडीलाही घेणारा मिळत नाही. या दोन्ही वस्तू स्पष्टपणे नाकारा.

नाकारण्याच्या यादीत थर्मोकोलही ठेवा. तो जवळजवळ सगळा हवाच असतो, त्यामुळे भरलेल्या टेम्पोत मोजके किलो वजन जाते आणि भाडे कोणालाच परवडत नाही. जागेवर दाबून देणारे यंत्र असलेला घेणारा मिळाला तर गोष्ट वेगळी. आरसे आणि बोरोसिलसारखी उष्णतारोधक काच बाटल्यांच्या काचेत मिसळू देऊ नका, ती वितळण्याचे तापमान आणि घटक वेगळे असतात. फटाके, गॅसचे छोटे सिलिंडर, अग्निशामक नळकांडी आणि अर्धे भरलेले स्प्रेचे डबे गेटवरूनच परत पाठवा. चष्मे घेणे सोपे आहे, कारण लायन्स क्लब जुने चष्मे गोळा करून नंबर तपासून पुन्हा देण्याचे काम जगभर करतात. जवळच्या क्लबला विचारा. कापसाच्या गाद्या-उशा संकलनात न घेता गादीवाल्याला बोलवा, कापूस पिंजून पुन्हा भरता येतो.

तुमच्या नेहमीच्या कबाड्याला या दिवशी वगळू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. रद्दी, लोखंड, तांबे, पितळ हे त्याचे उत्पन्न आहे. तुम्ही तेही गोळा करून एखाद्या संस्थेला दिले, तर वर्षभर तुमच्या दारात येणाऱ्या माणसाची त्या आठवड्याची कमाई जाते. त्याला सकाळीच ठेला घेऊन गेटशी उभे राहायला सांगा. ज्या वस्तूला भाव आहे ती आधी त्याच्याकडे, ज्याला नाही तीच आत टेबलांकडे. कोणती वस्तू खरोखर ‘कबाडी नेत नाही’ यातली आहे, हेही तोच सर्वांत अचूक सांगतो.

प्रत्यक्ष दिवस तीन तासांपेक्षा मोठा ठेवू नका, आणि वाहन शेवटच्या तासात जागेवर उभे असू द्या. गेटवर बसणारी व्यक्ती नम्र पण ठाम हवी, कारण तिचे मुख्य काम ‘नाही’ म्हणण्याचे आहे. प्रत्येक टेबलाचे वजन वहीत लिहा आणि मिळालेल्या पावत्यांची छायाचित्रे आठवड्याभरात सगळ्या घरांना पाठवा. वस्तू कुठे पोहोचल्या हे दिसले की पुढच्या वर्षी लोक अधिक काळजीने वेगळ्या करून आणतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

तुमच्या बाबतीत मी यंदा ई-कचरा, पाऱ्याच्या वस्तू, बॅटऱ्या, एक्स-रे फिल्म आणि तसबिरी एवढेच घेईन. त्यांतही पाऱ्याच्या वस्तू झोनचे लेखी उत्तर आले तरच, आणि औषधांचेही त्या उत्तरावरूनच ठरवू. तारीख दिवाळीच्या दोन आठवडे आधीचा रविवार ठेवा, पण विजयादशमी आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपासचे दिवस टाळा. दीक्षाभूमीच्या परिसरात तेव्हा मोठी गर्दी असते, वाहतूक वळवलेली असते आणि टेम्पो अडकतो. फराळाच्या तळणीचे उरलेले तेल हा विषय दिवाळीनंतरच्या वेगळ्या तारखेला घ्या. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेल्या तेलापासून जैवइंधन बनवण्याची ‘रुको’ योजना सुरू केली आहे. तिच्याशी जोडलेला घेणारा किमान किती लिटर मागतो हे कळले, की गाळलेले, पाणी न मिसळलेले तेल डब्यांत जमवता येईल.

पत्र या आठवड्यात द्या, आणि पोचपावतीवर तारीख-शिक्का घ्या. झोन कार्यालयाचे उत्तर काय आले ते इथेच कळवा. औषधांचे टेबल मांडायचे की नाही आणि ट्यूबलाइट किती घ्यायच्या, हे त्यावरून मला नेमके सांगता येईल.